पाच चौकोन

बर्स्लेमच्या टाइल कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
जिथे पूर्वी बायका ओळीने बसून
कपांना सोनेरी कड काढत,
तिथे आता तीन टेबलं आहेत, एक केटल,
आणि एक रंगपेटी, जी कुठेच ठेवलेली नाही.

म्हणजे असं:
मी माझ्या पडद्यावर एक निळा जरा गडद केला
की कॅलमच्या लॅपटॉपवर तो गडद होतो,
लीकला घरून काम करणाऱ्या ओवेनच्या कॅटलॉगात होतो,
आणि खाली, भट्टीशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवरही,
जिथे मॉरीन क्लूज झिलईच्या कृती लिहून ठेवते.
भावकीच्या विहिरीसारखं:
कुणीही ढवळावं, सगळ्यांनी प्यावं.

रंगांना नावं नव्हती, आकडे होते.
आकड्यांवर माझी माया जडेना.
एका रात्री उशिरा थांबले. हीटर बंद पडलेला.
कोट घालून बसले आणि एकेकाचं बारसं केलं:
आमसुली. पारवा. गुलबक्षी.
चिंतामणी, जो लातूरच्या मावशीच्या
एकाच साडीला होता आणि ती साडी तिने कुणाला दिली नाही.
आणि एफ दोन, नऊ शून्य, सहा ई:
हिला म्हटलं अबोली.
कुणाला विचारलं नाही. दिवा मालवला,
हॅन्लीची शेवटची बस पकडली.
सिंक चालू आहे हे विसरलेच.

सकाळी सगळीकडे पोचलं होतं.
कॅलम म्हणाला, छान नक्षी आहे.
ओवेनचा फोन: प्रिंटर अडतोय, हे काय मध्येच?
आणि अकराला मॉरीन स्वतः जिना चढून आली,
गुडघे धरत, हातात कागद.
"डक," म्हणाली
(इथे सगळ्यांनाच लाडाने बदक म्हणतात,
मला सवय व्हायला एक हिवाळा गेला),
"डक, या पाच चौकोनांत काय आहे?"

खरंच, कागदावर पाच रिकामे चौकोन.
तिच्या कॉम्प्युटरला माझी लिपी ठाऊक नव्हती.
अक्षरं तीनच; पण ओकार, ईकार
त्याने वेगळे मोजले,
प्रत्येकाला एकेक कोरी खोली दिली.

मी माफी मागायला तोंड उघडलं.
"ते राहू दे. आत काय आहे?"

मग सांगितलं. फूल असतं. वास नसतो.
गजऱ्यात माळतात. नावाचा अर्थ, न बोलणारी.
आणि कुणी रुसून बोलणं टाकलं
तर त्याने अबोला धरला, असं म्हणतो आम्ही.
"माझ्या बेरिलने धरलाय," मॉरीन म्हणाली.
"नऊ वर्षं झाली. एका सूपच्या भांड्यावरून."

पडद्यावरच्या अबोलीवरून तिने बोट फिरवलं
आणि बोट पाहिलं, लागला का रंग म्हणून.
"ही उजेडाची आहे. माती अशी होत नाही.
हजार ऐंशीला काय करते बघू."

मंगळवारी टाइल निघाली.
मध्ये अबोली, कडांना भाजलेली,
एका कोपऱ्यात चक्क विटकरी,
आणि एक काळा टिपका, ज्याचा बाप कुणालाच माहीत नाही.
"बोलली बघ," मॉरीन म्हणाली.
पाठीमागे तिने पेन्सिलने पाच चौकोन आखले होते
आणि शब्दकोड्यासारखं एकेका घरात
आपल्या लिपीतलं एकेक अक्षर बसवलं होतं.
पाचही भरले. एकही उरला नाही.

वर येऊन मी टाइल पडद्याला टेकवून उभी केली.
पडद्यावरची हलवत हलवत तिच्याकडे नेली:
लाल उतरवला, निळा किंचित चढवला,
खिडकीवर ढग आला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.
जुळली नाही. जवळ आली.
या वेळी सिंक जाणूनबुजून दाबलं.

लीकला, खाली भट्टीशी, समोरच्या टेबलावर
रंग एकेक करून बदलला असणार.
कॅलमने मान वर केली, हात चोळले.
म्हणाला, हीटर सुरू झाला वाटतं.